गुटगुटीतपणाचा हिशेब

आमच्या लहानपणी गणेशोत्सवात सुदृढ बालक स्पर्धा होत. मांडवामागे तराजू, खुर्चीवर परीक्षक म्हणून एक डॉक्टर आणि रांगेत तीट लावलेली, दंडा-मांड्यांना वळ्या पडलेली बाळं. ज्याच्या मनगटाशी खोल घडी त्याचा पहिला नंबर ठरलेला. बक्षीस म्हणून कधी कधी बेबी फूडचा डबाच मिळे, म्हणजे पुढच्या वर्षीचीही सोय झाली. हाडकुळ्या बाळाच्या आईकडे बायका अशा बघत, की बाळाच्या वाटचं तिनेच खाल्लं असावं. त्या काळाला हसण्यात अर्थ नाही. आरेचं दूध कार्डावर मिळे, गोवर-कांजिण्या दर वर्षी येत आणि आजारपणात उतरायला मुलाच्या अंगावर आधी काहीतरी असावं लागे.

आता आमच्या मुलुंडच्या घरात तराजू परत आला आहे. हा काचेचा, सपाट आणि ब्लूटूथने सूनबाईंच्या मोबाइलला जोडलेला. यावर जास्त भरलं की बक्षीस नाही, लाल गोल मिळतो.

निमित्त नातवाचं. बालरोगतज्ज्ञांनी वाढीच्या तक्त्यावर त्याचा ठिपका दाखवला. तो वरच्या रेषेच्या जरा पलीकडे बसला होता. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली 5 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी हे तक्ते काढले. त्यांतल्या वरच्या दोन रेषा मोठ्या माणसाच्या 23 आणि 27 बीएमआयशी जुळवलेल्या आहेत. जगभर 25 आणि 30 चालतात, मग आपल्यालाच ही काटकसर का, असं मी विचारलं. "आजोबा, आपली चरबी लपून बसते," डॉक्टर म्हणाले.

ती कुठे लपते ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं शोधत आले आहेत. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी एक फोटो छापला. फोटोत ते स्वतः आणि शेजारी ब्रिटिश डॉक्टर जॉन यडकिन. दोघांचा बीएमआय दशांशापर्यंत सारखा, 22.3. पण अंगातली चरबी यडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. यडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी स्वतःविषयी लिहिलं, की आपला मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी बंद होणारं लिफ्टचं दार गाठायला धावणं. एवढा प्रामाणिक संशोधक विरळा. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांच्या गटाने नवजात बाळं मोजली तेव्हाही तेच दिसलं: वजनाला कमी, हातापायांनी बारीक, पण चरबी मात्र जपलेली. म्हणजे ज्या बाळांना आमच्या मांडवात शेवटचा नंबर मिळाला असता, तीही या बाबतीत अगदीच मागे नव्हती.

तर सूनबाईंनी ॲप घेतलं. नाव सांगत नाही, बिचाऱ्याचा दोष नाही. त्याला फक्त आमचं घर माहीत नव्हतं.

पहिला प्रश्न थालीपिठाचा आला. ॲप विचारतं, किती ग्रॅम? सूनबाईंनी स्वयंपाकघरात तोच प्रश्न केला.

"गोळा घ्यायचा आणि थापायचा," आमची ही म्हणाली.

"आई, गोळा केवढा?"

"खाणाऱ्याकडे बघून."

यावर ॲपमध्ये पर्याय नव्हता. तुपाचंही तेच. ते चमच्याने मोजायची आमच्याकडे पद्धत नाही. वाढणारीचं मन भरेपर्यंत धार चालते आणि पानावरच्याने हात आडवा धरला तर बोटांवरून चालते. मग सूनबाईंनी फोटोचा मार्ग काढला. ताटाचा फोटो घेतला की ॲप पदार्थ ओळखून उष्मांक सांगतं. होळीला पुरणपोळीचा फोटो काढला. ॲपने थोडा वेळ विचार केला आणि 'साधा पराठा' असा निर्वाळा दिला. पंगतीत क्षणभर शांतता. "ते एवढं म्हणतंय, तर त्याला कशाला खोटं पाडायचं?" असं म्हणून आजीने नातवाच्या पानात दुसरी वाढली.

खरी गंमत मोबाइलच्या पडद्यावर आहे. हे आरोग्याचं ॲप जिथे राहतं तिथे त्याचे शेजारी कोण, ते कोणी पाहत नाही. डावीकडे दहा मिनिटांत किराणा आणणारं, उजवीकडे पिझ्झा आणणारं आणि खाली ते कार्टूनवालं, जे लावल्याशिवाय याच नातवाने लहानपणी वरणभाताचा घास घेतला नाही. पूर्वी मूल चिऊ-काऊकडे बघत जेवत असे; चिमण्या उडून जात, मूलही कंटाळे आणि जेवण आपोआप संपे. पडद्यावरची चिमणी उडून जातच नाही. पोट भरल्याचा निरोप वर पोचेपर्यंत पुढचा भाग सुरू झालेला असतो. संध्याकाळी सातला एकाच वेळी दोनदा टिंग वाजतं. एक म्हणतं, चला, सगळे मिळून फिरायला जाऊ या! दुसरं म्हणतं, भूक लागली? निम्म्या किमतीत!

त्याच सुमाराला आमचे चिरंजीव अंधेरीचं ऑफिस सोडून मेट्रोने घाटकोपरला उतरतात. पुलावरच्या गर्दीत एका हाताने बॅग पोटाशी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घरी काहीतरी मागवतात. लोकल मुलुंडला लागायच्या आत खोकं दारात. दिवसभर मूल ज्याला दिसत नाही, त्या बापाचा लाड असा चीज लावून येतो. याला कुठलं ॲप काय सांगणार?

आणि फिरायचं तरी कुठे? आमच्या सोसायटीचा पुनर्विकास झाला. पूर्वी आवारात लगोरी आणि डबा ऐसपैस चालायचं, तिथे आता गाड्या उभ्या असतात. पोडियमवर पाटी आहे: चेंडूने खेळण्यास सक्त मनाई. वॉचमनला शिट्टी दिली आहे ती चोरांसाठी, पण वाजते ती मुलांवर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणाल तर ते आमच्या पाठीला लागूनच आहे, पण त्याचं मोठं दार बोरिवलीला. मधे डोंगर. एखाद्या रविवारी सगळा वळसा घालून आम्ही जातो, कान्हेरीचा चढ चढतो आणि तिखटमीठ लावलेला पेरू खातो. नातू त्या दिवशी मोबाइल मागत नाही, हे मी पाहिलं आहे. बाकी सहा दिवस ॲपमधली हिरवी बाहुली त्याच्या वतीने उड्या मारते.

ॲपने दिलेलं पावलांचं लक्ष्य नातवाने स्वतःच्या डोक्याने सोडवलं. शाळेतून आला की तो मोबाइल माझ्या खिशात घालतो आणि म्हणतो, "आजोबा, दूध आणायला जाताय ना? जरा लांबच्या डेअरीतून आणा." दहा हजार पावलांचा आकडा काही ऋषिमुनींनी सांगितलेला नाही. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच तो होता. पण नातवाच्या खात्यावर पावलं पडत गेली आणि माझी उपाशीपोटीची साखर उतरली. बालरोगतज्ज्ञांचा उपचार आजोबांना लागू पडला.

हे म्हटलं तर हसण्यावारी, पण अभ्यासही याच वाटेने गेले आहेत. अमेरिकेत लिओनार्ड एपस्टीन या मानसशास्त्रज्ञाने लठ्ठ मुलांची कुटुंबं घेतली. एका गटात सवयी बदलल्याचं बक्षीस मूल आणि पालक दोघांना, दुसऱ्यात फक्त मुलाला, तिसऱ्यात नुसतं हजेरीचं. दहा वर्षांनी, 1990 साली निकाल छापला तेव्हा पहिल्या गटातल्या मुलांचा जादा भार घटलेला होता आणि तिसऱ्या गटातल्यांचा वाढलेला. एपस्टीन यांनी खाण्याला सिग्नलचे रंग दिले होते: हिरवा, पिवळा, लाल. पुढे तीच रंगांची कल्पना 'कर्बो' नावाच्या ॲपमध्ये आली, थेट मुलांच्या हातात. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल 2022 साली अमेरिकी सरकारने ते चालवणाऱ्या कंपनीकडून 15 लाख डॉलर दंड घेतला. पालक वगळले की काय होतं, त्याचा हा आणखी एक प्रकार.

स्वीडनचं 'मिनिस्टॉप' हे ॲप मला जास्त शहाणं वाटतं. ते मुलाच्या हातात देतच नाहीत. मूल अडीच-तीन वर्षांचं झालं, की बालआरोग्य केंद्रातली परिचारिका ते आईबापांना देते, स्वीडिश येत नसेल तर इंग्रजी, सोमाली किंवा अरबीत. सहा महिन्यांनी पाहिलं, तर गोडधोड थोडं कमी झालं, गोड पेयं कमी झाली आणि पडद्यासमोरचा वेळ दिवसाला सात मिनिटांनी घटला. वजनात मात्र ठळक फरक नाही. सात मिनिटांत आमची धीमी गाडी मुलुंडहून जेमतेम भांडुपला पोचते. तरी अडीच वर्षांच्या मुलाच्या हातून रोज सात मिनिटं मोबाइल काढून घेणं ज्याने कधी करून पाहिलंय, तो या आकड्याला हसणार नाही.

आपल्याकडे सरकारचा भर पाटीवर. महाराष्ट्रात 2017 साली शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करायचं फर्मान निघालं. 2025 च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. जुलैत समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार अशी आवई उठली; वडापावाची गाडीही आता गेली, म्हणून स्टेशनबाहेर हळहळ झाली. मग सरकारने खुलासा केला, की फलक कार्यालयांत लागायचे आहेत, गाडीवर नाहीत. त्या दिवशी गाडीवरची रांग नेहमीपेक्षा लांब होती, निदान मला तरी तशी वाटली.

साखरेच्या फलकाचा आमच्या घरावर मात्र भलताच परिणाम झाला. नातू शाळेतून चमचे मोजायला शिकून आला. थंड पेयाच्या बाटलीत किती, सरबतात किती, हे तो म्हणतोच, पण मुख्य लक्ष माझ्या चहावर. "आजोबा, दोन. आणि चारला परत दोन. आणि पाहुणे आले तेव्हाचे कोण धरणार?" आजीने त्याला दिलेल्या लाडवावर त्याचा फलक लागत नाही, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेल.

गेल्या रविवारी सूनबाईंनी ॲपमध्ये सगळ्या कुटुंबाचं खातं उघडलं. सगळ्यांची वजनं हवीत. नातू एका जागी उभा राहीना. म्हणाला, "आधी बाबा." चिरंजीव खिशातलं पाकीट, किल्ल्या, घड्याळ काढून ठेवून, पोट आत ओढून काचेवर उभे राहिले. मोबाइलवर लाल गोल उमटला, नातवाच्या गोलाहून बराच लाल. नातू टाळ्या पिटत नाचायला लागला. आमची ही पदराला हात पुसत बाहेर आली, आकडा बघितला आणि तराजूला पायाने कपाटाखाली सारत म्हणाली, "काही नाही, हाडं जड आहेत त्याची, लहानपणापासूनच. स्पर्धेत पहिला आला होता."