रस्ता मला माहितीये

पुण्याहून परक्या मैदानावर फुटबॉल बघायला निघालेल्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर एक माणूस हमखास बसलेला असतो. गाडी त्याची नसते, ती तो चालवत नसतो आणि पेट्रोलच्या वर्गणीत त्याच्या नावापुढे बहुधा बाकीच असते. तरी ती सीट त्याचीच, कारण कोणी काही विचारायच्या आत त्याने ‘रस्ता मला माहितीये’ असं जाहीर करून टाकलेलं असतं. एफसी पुणे सिटी हा क्लब 2014 ते 2019 अशी पाच वर्षं इंडियन सुपर लीगमध्ये खेळला. त्या काळात नारिंगी स्कार्फ गळ्यात घालून पाहुण्या मैदानांकडे निघालेल्या आणि मध्यंतराच्या सुमारास पोचलेल्या मंडळींचं पुढारपण याच माणसाकडे असे. त्याला आपण वाटाड्या म्हणू. गडावर पुढे चालणाऱ्या खऱ्या वाटाड्याची क्षमा मागूनच हा शब्द घ्यायला हवा, कारण त्या बिचाऱ्याला वाट खरंच माहीत असते.

या वाटाड्याला लोक फुशारकीखोर म्हणतात, म्हणजे त्याला काही येत नाही आणि तो येतं असं दाखवतो. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. त्याला रस्ते भरपूर माहीत असतात, आणि तो चुकतो तो नेमका त्यामुळेच. त्याचं सगळं भूगोलज्ञान पुण्यात मुरलेलं आहे, आणि पुण्यातला पत्ता हा भूगोलाचा विषयच नाही, तो स्मरणाचा विषय आहे. लाकडी पुलाला लाकूड उरलेलं नाही आणि नळ स्टॉपला कोणी नळ शोधत नाही, तरी रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे तिथे बिनचूक पोचतात. पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, जिलब्या मारुती, उपाशी विठोबा या देवांची नावं भाविकांपेक्षा पत्ता शोधणाऱ्यांच्या तोंडी जास्त असतात. बंद पडलेलं थिएटरसुद्धा पुण्यात पत्ता सांगण्याच्या कामावर कायम राहतं. सांगणारा आणि ऐकणारा दोघांच्या डोक्यात तेच जुनं गाव असल्यामुळे निम्मं वाक्य पुरतं, आणि उरलेल्या निम्म्यासाठी ‘तिथे गेलात की कोणालाही विचारा’ हे ठरलेलं शेपूट असतं. या पद्धतीत चूक काहीच नाही. मात्र ती मुठा नदीच्या आसपासच चालते, आणि वाटाड्या ती घेऊन थेट नेरूळला जातो.

मुंबई सिटीचे घरचे सामने सुरुवातीला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होत. पुणेकराच्या दृष्टीने ‘डी. वाय. पाटील’ हे एक ठिकाण नाही, ती एक जात आहे. एक पिंपरीत, एक आकुर्डीत, एक लोहगावात, आणि मूळ कोल्हापुरात. हा पहिला घोळ वाटाड्या सहज पार करतो, कारण त्याला सगळी डी. वाय. पाटील माहीत असतात. खरी परीक्षा नवी मुंबईत आहे. सिडकोने आखून वसवलेल्या या शहरात लक्षात ठेवायला काही ठेवलेलंच नाही, सगळे आकडे. स्टेडियम सेक्टर 7 मध्ये म्हणावं, तर सेक्टर 7 वाशीलाही आहे आणि खारघरलाही. प्रत्येक उपनगराने आपली मोजणी एकपासून नव्याने सुरू केलेली. खुणेचा मारुती नाही, आडनावाचा वाडा नाही, पारावर बसून चुकीचा का होईना पण ठामपणे रस्ता सांगणारा म्हातारा नाही. त्यातून हे स्टेडियम सायन-पनवेल महामार्गाला असं लागून आहे की गाडीतून प्रकाशझोतांचे मनोरे लख्ख दिसतात. ‘दिसलं, आता काय, आलोच,’ असं वाटाड्या म्हणतो, आणि तेवढ्यात गाडी उड्डाणपुलावर चढलेली असते. पूल उतरेपर्यंत सानपाडा, मग वाशी, मग टोलनाका, मग खाडी. मागे वळून पाहिलं तर मनोरे अजून दिसतच असतात.

हेसुद्धा पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरच राहिलो तर. किवळ्यापासून कळंबोलीपर्यंतचे ते सुमारे 94 किलोमीटर चुकायला अवघड असतात, म्हणून वाटाड्याला ते फारसे रुचत नाहीत. त्याला जुन्या रस्त्याची मिसळ आठवते. त्यासाठी खाली उतरून पळस्पे फाट्याला जाणं आलं, आणि पळस्प्यालाच गोव्याचा महामार्ग फुटतो. पोट भरल्यावर गाडी कोणत्या तोंडाने बाहेर काढली याचा हिशेब ठेवला नाही, तर पुढचं गाव पेण. तिथे गणपती उत्तम मिळतात, फुटबॉल मिळत नाही.

पण उशिरा पोचण्याला फायद्याची बाजूही आहे, आणि ती आकड्यांनी सिद्ध होते. 18 ऑक्टोबर 2014 रोजी, लीगच्या पहिल्याच मोसमात, मुंबईने नेरूळला पुण्याचा 5-0 असा फडशा पाडला. आंद्रे मोरित्झने त्यात तीन गोल केले, आणि ती लीगच्या इतिहासातली पहिली हॅट्ट्रिक ठरली. दिवस शनिवार, सामना संध्याकाळी 7 ला, म्हणजे लोणावळ्याला निघालेलं अर्धं पुणे वाटेत आडवं आलेलं. त्या संध्याकाळी जो समर्थक वेळेवर पोचला त्याने पाचही गोल पाहिले, आणि जो वाशीच्या टोलनाक्यावर अडकला त्याच्या वाट्याला कमी दुःख आलं. वाटाड्याने या बाजूचा आपल्या बचावात कधी उपयोग केलेला नाही. त्यासाठी आधी चुकलो होतो असं कबूल करावं लागेल, म्हणून असेल.

‘फोनमध्ये नकाशा असताना ही भानगड हवीच कशाला?’ असं कोणीतरी विचारणारच. प्रश्न रास्त आहे, पण तो विचारणाऱ्याने वाटाड्याला फोनशी बोलताना ऐकलेलं नाही. नकाशातली बाई डावीकडे वळायला सांगते, तेव्हा ‘तिला काय कळतंय, तिकडे ट्रॅफिक असतो’ असं उत्तर तयार असतं. वाटाड्या फोनचा उपयोग पंचांसारखा करत नाही, प्रतिपक्षासारखा करतो. ती चुकली की त्याच्या चेहऱ्यावर आपल्या संघाने गोल केल्यासारखं समाधान पसरतं. शिवाय नकाशाला ठिकाणाचं नाव द्यावं लागतं, आणि इथे दोष सर्वस्वी वाटाड्याचा नाही. पहिल्या मोसमात लीगमध्ये आठ संघ होते. त्यांतल्या दिल्ली, चेन्नई, केरळ आणि गोवा या चौघांची घरची मैदानं चार वेगवेगळ्या गावांत होती, आणि चारही मैदानांचं नाव जवाहरलाल नेहरू स्टेडियम. वर पुण्यात स्वारगेटला पाचवं नेहरू स्टेडियम, तेही क्रिकेटचं. अशा देशात नुसतं ‘नेहरू स्टेडियमला चला’ म्हणणाऱ्याचं कुठेही जाणं शक्य आहे.

गोव्याचा प्रवास तर वाटाड्याच्या बुद्धीचा कस पाहणारा. मैदान मडगावजवळच्या फातोर्ड्याला, पण पुणेकराच्या मनात गोवा म्हणजे पणजी. म्हणून गाडी आधी पणजीत पोचायची आणि उरलेला जिल्हा झुआरी नदीवरच्या रांगेत बसून पार करायची. त्याआधीचं युद्ध घाटांचं. कोल्हापूर आलं की अंबोली, फोंडा, गगनबावडा, चोर्ला यांच्यावरून गाडीत चार पक्ष पडतात, आणि प्रत्येक पक्षाजवळ मामाच्या लग्नापासूनचा पुरावा असतो. यातला प्रत्येक घाट गोव्याला किंवा गोव्याच्या आसपास उतरतोच, त्यामुळे वाद कधी निकाली निघत नाही. वाटाड्याला तो निकाली काढायचाही नसतो, एवढं मात्र लक्षात घ्यावं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. बालेवाडीच्या, म्हणजे क्लबच्या घरच्या मैदानावरच्या, प्रेक्षकांत सदाशिव पेठ किती आणि हिंजवडी किती? ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवणारे ते समर्थक बरेचसे नोकरीसाठी पुण्यात आलेले असतील, तर पुणेरी स्वभावाचं खापर त्यांच्या डोक्यावर का? यावर उत्तर असं की पुणेरीपणाला जन्माची अट नाही. नांदेडहून किंवा त्रिशूरहून आलेला मुलगा पहिला महिना सगळ्यांना पत्ता विचारतो. दुसऱ्या महिन्यात विचारल्याबद्दल त्याला दोन-तीनदा टोमणे बसतात. सहाव्या महिन्यात त्यालाच कोणीतरी पत्ता विचारतं आणि तो, ठाऊक नसताना, हात वर करून दिशा दाखवतो. त्या क्षणी तो पुणेकर झाला, रेशनकार्डाची वाट पाहायला नको. पुण्यात विचारणं ही दुबळेपणाची खूण आणि ‘माहीत नाही’ म्हणणं हा नागरी गुन्हा. या दोन नियमांत सापडलेला माणूस वाटाड्या होण्यावाचून दुसरं काय होणार?

‘रस्ते सगळेच चुकतात, पुण्यालाच का धरलंत?’ असंही म्हणता येईल. चुकतात, पण वेगळ्या कारणांनी चुकतात, आणि काही ठिकाणी तर चुकायची सोयच नसते. इंग्लंडमध्ये पाहुण्या संघाचे समर्थक शेकड्यांनी, हजारांनी आगगाडीतून उतरतात. स्टेशनाबाहेर आल्यावर आपल्या रंगाच्या स्कार्फमागे चालत राहिलं की मैदान येतं. आपल्याकडे अंतरं एवढी की पाहुणे समर्थक म्हणजे दोन गाड्या आणि एक रेल्वेचं आरक्षण, त्यामुळे ज्याच्या मागे जायचं असा जमावच नाही. अर्जेंटिनाने 2013 मध्ये पाहुण्या प्रेक्षकांवर बंदी घातली. कारण दंगलींचं होतं, पण तिकडचे वाटाडे एका दिवसात बेकार झाले असणार. आणि आपल्या कोल्हापुरात बघावं, तर तालमींचे संघ सगळे शाहू स्टेडियमवर खेळतात. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातलं वैर कितीही जुनं असलं तरी दोघांचं घरचं मैदान तेच आणि बाहेरचंही तेच. पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉलवर जीव टाकूनही कोल्हापूरकराला सामन्याला जाताना हरवण्याचा अनुभव नाही. हे सुख एकदा पुण्याच्याही वाट्याला आलं होतं. आय-लीगच्या दिवसांत कूपरेजच्या नूतनीकरणामुळे मुंबई एफसीचा संघ आपले घरचे सामने बालेवाडीत खेळत असे, तेव्हा पुणे एफसी या वेगळ्या क्लबला मुंबईशी ‘बाहेरचा’ सामना खेळायला बाहेर जावंच लागलं नाही. वाटाड्या वेळेवर पोचल्याची ती नोंद बिनविरोध मान्य करायला हवी.

2016 पासून मुंबई सिटी अंधेरीला गेली, आणि इथे इतिहासाने वाटाड्यासाठी एक सुरेख योग जुळवून ठेवला होता. बालेवाडीचं क्रीडासंकुल शिवछत्रपतींच्या नावाचं, अंधेरीचं शहाजीराजे भोसल्यांच्या. मुलाच्या घरून बापाच्या घरी जायचं होतं. घाटकोपरहून मेट्रोत बसून आझादनगरला उतरलं की मैदान चालत गाठता येतं, पण हे सोपं उत्तर स्टेशनावर कोणाला तरी विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून गाडी चेंबूरच्या आसपास पूर्व मुक्त मार्गावर चढते. तो रस्ता अतिशय सुंदर, सिग्नल नाही, वळण नाही, परतायची सोय नाही. सामना अंधेरीत चालू असताना गाडी गोदीच्या कडेने फोर्टच्या दिशेने धावत असते, आणि वाटाड्या सांगत असतो की हा रस्ता 2013 मध्ये झाला. माहिती बरोबर असते. त्याची माहिती नेहमीच बरोबर असते.

ज्या प्रवासात चुकणं शक्यच नव्हतं तो एकच, बंगळूरचा. बालेवाडीच्या संकुलाशेजारून जो महामार्ग जातो तोच सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत आठशेहून जास्त किलोमीटरवर बंगळूरला पोचतो. 2017-18 च्या मोसमात पुणे उपांत्य फेरीत गेलं, बालेवाडीचा पहिला सामना 0-0 सुटला आणि 11 मार्च 2018 ला कांतीरवा स्टेडियमवर दुसरा झाला. सुनील छेत्रीने तीन गोल मारले, पुण्याने एक परतवला, 3-1. ज्या दिवशी रस्ता सरळ होता त्या दिवशी आपण घरी परत आलो, असं वाटाड्या मानतो. यातला कार्यकारणभाव तपासायला गेलं तर हाती काही लागत नाही, पण पेणच्या रस्त्याने गेलो असतो तर काय झालं असतं हेही कोणी सांगू शकत नाही.

2019 मध्ये क्लब बंद पडला आणि लीगमधली जागा हैदराबादने घेतली. म्हणजे आता वाटाड्याला घरचा सामनाच उरलेला नाही, सगळेच बाहेरचे. तो खचलेला मात्र नाही. हडपसरवरून सोलापूर, सोलापूरवरून सरळ, मधे कुठे वळायचंच नाही, असं तो सांगतो. हैदराबादने तेव्हा घरचं म्हणून घेतलेलं मैदान गच्चीबावलीला आहे, शहराच्या पश्चिमेला, म्हणजे पुण्याहून जाणाऱ्याला गाव लागायच्या आधीच. तो चारमिनारला जाऊन तिथून विचारत विचारत मागे येणार. विचारत म्हणजे, बाकीच्यांनी. तो गाडीतच बसून असेल.