‘लूज’ शब्दाच्या विनियोगाविषयी काही सूचना

जे इंग्रजी शब्द रीतसर अर्ज न करता मराठी घरांत कायमचे राहावयास आले, त्यांत ‘लूज’चा मान फार वरचा असूनही, त्याचा विनियोग कोणी, कोठे आणि कोणत्या हेतूने करावा याविषयी एकही परिपत्रक आजवर आमच्या पाहण्यात नाही, सबब पुढील सूचना जिज्ञासूंच्या हाती ठेवीत आहोत.

प्रथम उच्चार. मूळ भाषेत ‘सैल’ या अर्थाचा शब्द सकारान्त असून ‘गमावणे’ या अर्थाचा झकारान्त आहे, आणि दोहोंच्या लेखनात एका अक्षराचाच फरक असल्यामुळे ज्यांची ती मातृभाषा आहे तेही तेथे घसरतात. आपण दोन्ही एकाच ‘लूज’मध्ये विलीन करून तो तंटा मुळातच निकालात काढला आहे. तेव्हा ‘लूस’ असा शुद्धोच्चार करण्याच्या फंदात पडू नये. वायरमनला तो कळणार नाही, आणि कळलाच तर तो मजुरी वाढवील.

मुख्य तत्त्व असे, की जेथे दोष उघड आहे, परंतु दोषी कोणी नसावा अशी सर्व संबंधितांची इच्छा आहे, तेथे हा शब्द योजावा. गीझरचे बटण दाबताच भिंतीतून चरचर ऐकू येते, जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटतो आणि सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी वर्तुळ उमटलेले दिसते. वायरमन बोर्ड उघडतो, काळवंडलेल्या तारेवर टॉर्च मारतो आणि न्यायाधीशाच्या गांभीर्याने निकाल देतो, ‘काँटॅक्ट लूज होता.’ शास्त्र त्याच्या बाजूचे आहे : स्क्रू पुरता आवळलेला नसला की सांध्यापाशी विद्युत्‌रोध वाढतो, त्यातून उष्णता उपजते, आणि तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत धातू प्रसरण व आकुंचन पावून सांधा अधिकच ढिला होतो, शिवाय प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, म्हणून हा प्रसंग दिव्यापेक्षा गीझरवर अधिक ओढवतो. हा स्क्रू मूळचा कोणी बसविला, अशी पृच्छा मात्र करू नये. बहुधा तोच इसम समोर उभा असतो.

शिंप्याची गोष्ट थोडक्यात सांगून होण्याजोगी आहे. माप चुकले तर ‘जरा लूज ठेवलंय, साहेब’ एवढ्या वाक्याने चुकीची गणना दूरदृष्टीत होते, आणि गिऱ्हाईक पोट आत घेण्याचे कष्ट वाचल्याबद्दल मनातून कृतज्ञच असते.

दुकानात हा शब्द जपून उच्चारावा, कारण तेथे सरकारचा अंमल सुरू होतो. 1998 साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने माणसांची अंगे सुजली, कित्येक दगावली, आणि त्यानंतर लूज खाद्यतेलाच्या विक्रीवर निर्बंध आले. महाराष्ट्र शासनाने 2020 मध्ये लूज सिगारेट व बिडी विकण्यासही मनाई केली. पाकिटावरील भयप्रद चित्र एकेक सिगारेट घेणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही, हे त्यामागील एक कारण. तेव्हापासून टपरीवर ‘एक लूज द्या’ म्हणावयाचे ते आवाज उतरवून.

कोणाच्या चारित्र्यास हे विशेषण लावू नये. ज्या स्त्रीस ते लावले जाते तिच्याविषयी त्यातून काहीच कळत नाही. लावणाऱ्याविषयी मात्र पुष्कळ कळते.

या शब्दाचे परमवैभव पाहावयाचे असेल तर रजेचे अर्ज पाहावेत. ‘जुलाब होत आहेत’ असे लिहिणाराकडे वरिष्ठ नाक मुरडून पाहतात आणि आदल्या रात्री काय खाल्ले याची कैफियत मागतात. ‘लूज मोशन’ असे लिहिताच तेच वरिष्ठ पुढील तपशील ऐकावा लागू नये म्हणून तत्काळ सही करतात. येथे अतिशयोक्ती वर्ज्य आहे. एक दिवसाची रजा मागावी. तीन दिवसांची मागितल्यास वैद्यकीय दाखला मागतात आणि शब्दाची सारी पुण्याई वाया जाते.

व्याधी खरी असेल तर मात्र शब्दावर विसंबू नये. 1971 साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीचा कहर झाला असता डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी पाजून असंख्य माणसे वाचविली. औषधाच्या दुकानातील ओआरएसची पुडी त्याच तत्त्वावर बनते. ती हाताशी नसल्यास उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात साखरेचे 6 सपाट आणि मिठाचा अर्धा सपाट चहाचा चमचा घालून घोटघोट प्यावे, आणि उरलेले पाणी 24 तासांनंतर टाकून द्यावे.