पटाचा माईक हाती घेण्यापूर्वी

बर्फावरच्या हॉकीचं धावतं वर्णन करणाऱ्याला वीस-वीस मिनिटांचे तीन डाव मिळतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, तुम्हाला जेमतेम दहा सेकंद मिळतील. झेंडी पडली, जोडी सुटली, जोडी पोचली. उरलेला अख्खा दिवस बोलत राहायचं, आणि नोकरी खरी तीच.

धान घरात आलं, बांध्या मोकळ्या झाल्या की हंगाम सुरू. सोबत लवंग आणि मफलर ठेवा. भोंगेवाल्याशी भांडू नका. त्याने वायर ओढली की तुमची कारकीर्द तिथेच संपते.

आता पाठांतर. जोडी सुटण्याआधी बैलांची नावं, मालक, त्याचं गाव आणि धुरकरी एवढं तोंडावर हवं. चुकायचंच असेल तर धुरकऱ्याच्या नावात चुका. तो बिचारा कासरा सांभाळत असतो, त्याला ऐकू येत नाही. बैलाचं नाव चुकलं तर मालक थेट मंचावर येतो, आणि एकटा येत नाही. एखाद्या हौशी माणसाने बैलाचं नाव ‘वाघ’ ठेवलं असेल तर जास्तच सांभाळा. सातारा-सांगलीकडे ‘वाघ आला, वाघ आला’ म्हटलं की टाळ्या पडतील. ब्रह्मपुरीच्या जंगलपट्टीत तेच वाक्य म्हणाल तर मैदान रिकामं होईल. इथे वाघ खरोखरच येतो, बाप्पा! ‘अमक्या पाटलांचा वाघ’ असं मालकासकट म्हणावं.

जिथे घड्याळ लावलेलं असतं तिथे निकाल सेकंदाच्या बारीक तुकड्यांत येतो. आकडा लगेच वाचून टाकू नका. आधी पाचशे एक रुपये देणाऱ्याचं नाव घ्या, मग हरवलेल्या पोराच्या शर्टाचा रंग सांगा, मग आकडा. लोक शिव्या देतील, पण जागचे हलणार नाहीत.

नियम मात्र गमतीने सांगू नयेत. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे सगळं बंद पडलं होतं. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. म्हणून चाबूक, काठी, टोचायची तुतारी यांना मनाई असल्याचं तासातासाला बजावत राहा. एखाद्याच्या हातात तुतारी दिसली तर नाव न घेता ‘लाल टोपीवाले काका’ म्हणा. सगळ्या लाल टोप्या खिशात जातात.

पट पुन्हा बंद पडलाच, तर हाताशी रात्रीची कबड्डी असू द्या. तिथे एका चढाईला 30 सेकंद मिळतात. पटवाल्याला ती चैन वाटते.

संध्याकाळी जोड्या सुटल्या तरी तुम्ही सुटत नाही. इकडच्या झाडीपट्टीत पट म्हटला की रात्री नाटक आलंच. वडशाहून कंपनी येते, आणि तिचा प्रचार दिवसभर तुमच्याच गळ्यावर चालतो. नायिकेचं नाव दर तिसऱ्या जोडीनंतर घ्या, खलनायकाचं त्याहून जास्त; तिकिटं त्याच्यावर खपतात. कथा सांगू नका. ती लोकांना ठाऊक असते, आणि तुम्ही चुकीची सांगाल.

मानधनाचं बोलणं तिसऱ्या घंटेआधी उरका. पडदा वर गेला की मंडळाचे अध्यक्ष पहिल्या रांगेत बसतात, ते पहाटेपर्यंत उठत नाहीत.