नंबर बोला, सर

दार ढकललं की गार वाऱ्याच्या झोताबरोबर एक वाक्य अंगावर येतं. ‘वेलकम सर, न्यू अरायव्हल्स फर्स्ट फ्लोअरला आहेत, काय बघायचंय, साइझ काय देऊ?’ स्वल्पविराम माझे. बोलणारा मध्ये कुठे थांबत नाही. काळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, वय बाविशीचं, आणि नजर आपल्या खांद्यावरून मागच्या दाराकडे, कारण पुढचं गिऱ्हाईक आत यायच्या बेतात असतं. याला आपण स्वागत म्हणू. मराठीत हे मुलाचं नाव म्हणून चालतं, आणि याच्या बाबतीत तो हुद्दाही आहे. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर, ठाण्याच्या मॉलमध्ये, नाशकात, कोल्हापुरात, जिथे म्हणून साखळीतलं दुकान आहे तिथे स्वागत एकाच चालीत भेटतो. आणि आपणही काही कमी नसतो. त्याचं वाक्य संपायच्या आत ‘फक्त बघतोय’ म्हणून मोकळे होतो. घरून मापं लिहून आणलेला, पाकीट चाचपत आलेला, तासाभरात पाच हजारांची खरेदी करणारा माणूससुद्धा दारात ‘फक्त बघतोय’च म्हणतो. दोन पाठांतरं एकमेकांना रामराम करून आपापल्या वाटेने जातात.

खरा सोहळा काउंटरवर असतो. तिथला क्रम सत्यनारायणाच्या पूजेइतका पक्का. आधी मोबाईल नंबर. मग मेंबरशिप आहे का; नसेल तर काढायची का. मग अजून ३१० रुपयांचं काही घेतलंत तर व्हाउचर मिळेल, ही वार्ता. मग मोज्यांचा जोड, तोही पुढून-मागून उघड्या सँडलवर. मग कॅरी बॅग, तिचे पैसे वेगळे. आणि शेवटी गुगलवर रिव्ह्यू, ‘त्यात माझं नाव मेन्शन करा, सर’. यजमानाने मध्ये शंका काढायची नसते. ‘मोजे नकोत, पिशवीही नको, नंबर देणार नाही’ असं एका दमात सांगून टाकलं, तर स्वागत क्षणभर गोंधळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

त्याला ऐकू येत नाही असं नव्हे. माझं म्हणणं इतकंच, की तो आपल्याशी बोलतच नसतो. त्याचा श्रोता तिसराच आहे. पुष्कळ कंपन्या पगारी खोटं गिऱ्हाईक पाठवतात. ते चप्पल घालून बघतं, आणि बाहेर जाऊन कागदावर खुणा करतं: हसला का, नवा माल दाखवला का, मेंबरशिप विचारली का. मोजे विकले गेले नाहीत तरी एक वेळ चालतं, विचारले नाहीत तर चालत नाही. शिवाय किती बिलांवर नंबर चढले याचा हिशेब मुख्य कार्यालयाला रोज जातो. तेव्हा स्वागतचं बोलणं हे छापील फॉर्म भरण्यासारखं आहे, आणि आपण त्यातला एक रकाना.

यावर कोणी म्हणेल, पूर्वीचा दुकानदार बरा होता का? ‘नाही’ एवढंच बोलायचा, तेही वर्तमानपत्रातून मान वर न काढता. त्यापेक्षा हे ‘सर, सर’ काय वाईट? मला तो दुकानदार परत नको आहे. पण त्याचा तुसडेपणा खास तुमच्यासाठी असे. तुम्हाला पाहून, तुमचा प्रश्न ऐकून मग तो तुमचा अपमान करायचा. स्वागतचा नम्रपणा दार उघडलं की लागतो आणि मिटलं की विझतो, फ्रीजमधल्या दिव्यासारखा. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पाठांतर कुठल्या धंद्यात नाही? लक्ष्मी रोडवरचा साडीवालाही ‘बघायचे पैसे नाहीत ताई’ हे आयुष्यभर म्हणत आला. अगदी कबूल. कीर्तनकाराचंही पुष्कळसं पाठच असतं. पण पुढच्या रांगेतले आजोबा पेंगायला लागले की कीर्तनकार गोष्ट बदलतो, आणि ताईंचा हात शालूवरून काठापदराकडे सरकला की साडीवाला शालूची चळत बाजूला सारतो. पाठांतराला माझी हरकत नाही. समोरच्याचा चेहरा वाचायला मनाई करणाऱ्या पाठांतराला आहे.

‘नको तर नको म्हणा, कोण जबरदस्ती करतं?’ हाही एक युक्तिवाद. तसं असतं तर सरकारला मध्ये पडावं लागलं नसतं. बिलासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरू नका, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दिली. त्याआधी २०१९ साली चंडीगडमध्ये ३ रुपयांच्या कागदी पिशवीचे पैसे लावल्याबद्दल ग्राहक मंचाने बाटा कंपनीला ९,००० रुपयांचा भुर्दंड बसवला होता. ३ रुपयांसाठी मंचापर्यंत जाणाऱ्या त्या ग्राहकापुढे मी हात जोडतो. बाकीचे आपण, मागे रांग खोळंबली आहे या लाजेनेच दहा आकडे घडाघडा म्हणून टाकतो.

आणि तरी स्वागतवर चिडणं म्हणजे पत्र आवडलं नाही म्हणून पोस्टमनला झापणं. हसू हेही श्रमच, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ सालीच हवाई सेविकांच्या अभ्यासातून मांडलं. हवाई सेविकेचं हसू विमान उतरेपर्यंत. स्वागतचं शटर पडेपर्यंत, आणि तेही उभ्या उभ्या. दुकानातल्या माणसाने बसायचं की नाही, यासाठी केरळला २०१८ मध्ये आणि तामिळनाडूला २०२१ मध्ये कायदा बदलावा लागला, यावरून काय ते समजावं. ‘माझं नाव मेन्शन करा’ या वाक्यात तेवढी एकच गोष्ट त्याची स्वतःची असते, आणि नेमकी तीच आपण विसरतो.

हा मुलगा खरा कसा बोलतो हे ऐकायचं असेल तर सर्व्हर बंद पडायला हवा. पडदा गोठला, की हसू उतरतं आणि ‘सर’चे ‘काका’ होतात. ‘काका, जरा थांबा हं, सकाळपासून तिसऱ्यांदा गचकलंय हे.’ मग कळतं की तो बार्शीकडचा आहे, खोलीत चौघं राहतात, आणि सँडलचा हा जोड चार महिन्यांत उसवतो, त्यापेक्षा शेजारचा घ्या. तो जोड दोनशे रुपयांनी स्वस्त असतो. काका तो उचलतात, स्वागत खोकं काउंटरवर ठेवतो, तेवढ्यात यंत्र ‘टिंग’ करतं.

‘नंबर बोला, सर.’