कातडी सीट मुरविण्याची पद्धत

सायकलीचे कातडी सीट ही गादी नव्हे, बाज आहे. पुढे लोखंडी नाक, मागे वाकवलेली पट्टी आणि दोहोंमध्ये ताणून रिव्हेटांनी ठोकलेले चार-पाच मिलिमीटर जाडीचे कातडे. बर्मिंगहॅमच्या जॉन बूल्टबी ब्रूक्सने १८८२ साली अशा सीटचे पेटंट घेतले. त्याचा मूळ धंदा घोड्याच्या सामानाचा. घोडा मेला, उसन्या सायकलीवर बसावे लागले आणि बैठक सोलवटली, तेव्हा त्याला हे सुचले असे सांगतात.

नवे सीट मुरायला काही शे किलोमीटर लागतात. कमठाण्याहून बीदरला रोज जा-ये करणाऱ्याने त्या काळात घरी उभ्यानेच चहा घ्यावा. मग बसण्याच्या दोन हाडांखाली दोन खळगे पडतात. हे खळगे मालकाच्या मापाचे असल्याने सायकल उसनी देऊ नये. ‘हा आलोच’ म्हणून नेणारा पाहुणा नेहमी वजनदार असतो आणि दिवेलागणीला उगवतो.

तेलाचा विषय नाजूक. प्रत्येक घरात एक जाणते काका असतात. गुडघा, बिजागरी, पायताण आणि नातवाची टाळू, सगळ्यांना त्यांच्याकडे एकच वाटी: करडीचे तेल. टाळूला ते ठीक. कातड्यावर ते सुकून चिकटते, त्यावर बीदरची तांबडी धूळ बसते आणि पांढरा पायजमा मागून कायमचा रंगतो. शिवाय तेल प्यालेले कातडे झोळीसारखे लोंबते. काकांशी वाद घालू नये, वाटी लपवावी. मेण-चरबीचे मलम बोटावर येईल तेवढे, वर्षातून दोनतीनदा वरून चोळावे. खालच्या खरबरीत अंगाला सुरुवातीला एकदा. बस.

नाकाखालचा नट कातडे ढिले पडल्यावरच पाव फेरा आवळावा. रोज आवळल्यास रिव्हेटापाशी चीर जाते.

सीटचे नाक किंचित वर ठेवावे, नाहीतर माणूस दांड्याकडे घसरतो.

भिजलेल्या सीटवर बसू नये. ओले कातडे वजनाने ताणते. सावलीत वाळवावे. चुलीशेजारी ठेवल्यास तडकते. पावसाळ्यात कापडदुकानाची प्लास्टिक पिशवी वर घालावी.

चीर गेलीच तर मोच्याकडे न्यावे. काकांचे स्वतःचे सीट असे दोनदा सांधलेले आहे. त्याला तेलाचा थेंब कधी लागलेला नाही.