अनुदानाचा मानकरी

उदयोन्मुख प्रादेशिक सत्तेने, म्हणजे शेजाऱ्यांवर प्रभाव पाडून जागतिक मंचावर मानाचे आसन मागणाऱ्या राष्ट्राने, कसे वागावे याचा वस्तुपाठ भारताने साखरेच्या प्रकरणात घालून दिला आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांच्या तक्रारींवरून जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा-समितीने डिसेंबर 2021 मध्ये भारताची ऊस-साखरेवरील अनुदाने नियमबाह्य ठरवली, तेव्हा भारताने 2020 अखेरपासून एकही सदस्य नसलेल्या अपील मंडळाकडे दाद मागितली. न्यायाधीशच नसलेल्या न्यायालयात खटला हरता येत नाही, हे मुत्सद्देगिरीचे तत्त्व निर्विवाद होय. गेवराई तालुक्यातील तलवाडा परिसरातून दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघणारे ऊसतोड कामगार या धोरणात कोठे बसतात, हे विचारणे मात्र अप्रशस्त ठरेल. कारण मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम, फेडताना नवरा-बायको मिळून एकच कोयता, म्हणजे कामाचे एकच एकक, धरला जातो आणि ही काटकसर कोणत्याही आंतरराष्ट्रीय नियमात अनुदान म्हणून मोजली जात नाही. वस्तुतः साखर उद्योगाला सर्वांत जुने अनुदान हेच कामगार देत आले आहेत, आणि त्याविरुद्ध जिनिव्हातील त्या व्यापार संघटनेकडे अद्याप कोणत्याही राष्ट्राने तक्रार केलेली नाही.