नाना आणि पाच ग्लासांची पंगत

निफाड तालुक्यातल्या बागाईतदाराला काशीला न्या नाहीतर काश्मीरला, तो आधी पाणी बघतो, मग माती बघतो आणि मग भाव विचारतो. सायखेड्याचे नाना याला अपवाद नाहीत. आता नाना म्हणजे कुणी एकच माणूस असं समजू नका. गोदाकाठच्या प्रत्येक गावात निदान एक नाना असतोच. डोक्यावरची टोपी अलीकडे गेली, पण खिशातली डायरी शाबूत आहे. एप्रिलात द्राक्षाची खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि मधल्या काळात डाऊनी, भुरी हे रोग व सोसायटीचा सचिव, असं त्यांचं वर्ष असतं. घड हातात घेतला की वजन सांगतात. मणी तोंडात टाकला की ब्रिक्स, म्हणजे साखर किती ते, सांगतात. ती मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घरात आहे, पण तो व्यापाऱ्याची खात्री पटावी म्हणून.

अशा नानांना त्यांच्या पुण्याच्या जावयानं वाइनच्या जेवणाला न्यायचं ठरवलं. गंगापूर धरणाच्या अंगाला एका हॉटेलात पाच पदार्थ एकामागून एक येणार, प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन आणि प्रत्येक वाइनबरोबर माहिती. बरोबर नानी होत्या. नानींच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे त्यांच्यासाठी सरबतांची वेगळी सोय. गाडी चालवायला मी. म्हणून माझ्यापुढचे ग्लास रात्रभर नानांच्या बाजूला सरकत राहिले.

वाइनबद्दल नानांचं मत ठाम आहे. २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायला मंत्रिमंडळानं मान्यता दिली, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही यावर अख्खा महाराष्ट्र भांडला. नानांनी पारावर तेव्हाच निकाल देऊन टाकला होता, "विकणाऱ्याला वाइन, पिणाऱ्याला दारू आणि पिकवणाऱ्याला उधारी." या निकालामागे अनुभव होता. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, आमच्याच तालुक्यात विंचूरला वाइन पार्क झाला, आणि करार करून वाइनची द्राक्षं लावायची लाट आली. नानांनीही दोन एकर कॅबरने लावली. मग २००८-०९ची मंदी आली, माल घ्यायला कुणी येईना. नानांनी बाग उपटून पुन्हा खाण्याची थॉमसन लावली. त्यामुळे आपण जे लावलं ते शेवटी कुठं पोचतं, हे बघायची उत्सुकता त्यांना होतीच.

हॉटेलात पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. बाकी पाहुणे धरणाकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. नानांनी तोंड धरणाकडे केलं आणि पहिला प्रश्न विचारला, "साठा किती टक्के?" सायखेड्याच्या माणसाला हे पाणी देखावा म्हणून बघताच येत नाही. गंगापूरचा विसर्ग वाढला की काही तासांत गोदावरी सायखेडा-चांदोरीच्या पुलाला भिडते, आणि २०१९च्या ऑगस्टात ती थेट गावात शिरली होती. वाढणाऱ्या पोराला क्युसेकचा आकडा माहीत नव्हता. नानांच्या मनातून तो तिथंच उतरला.

पहिली आली ती फसफसणारी वाइन, आणि तिच्याबरोबर परातीएवढ्या पांढऱ्या ताटात मधोमध, मधात परतलेले दोन चिमुकले कांदे. माहिती सांगणारा मुलगा अदबीनं म्हणाला, "ही वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, म्हणून बुडबुडे येतात." नानांचं लक्ष ताटाकडे होतं. त्यांनी काट्यानं कांदा उलटापालटा केला.

"गोल्टी आहे."

"काय म्हणालात, सर?"

"गोल्टी. निवडून बाजूला काढलेला बारीक कांदा. वक्कलात जास्त निघाला तर व्यापारी भाव पाडतो. तुम्ही काय भावानं घेता?"

मुलगा हसला. जावयानं पाणी मागवलं.

दुसरी वाइन गुलाबी, रोझे. काळ्या द्राक्षांची साल रसात काही तासच ठेवायची, म्हणजे रंग गुलाबीवर थांबतो, असं त्यानं समजावलं. गुलाबी रंग बघून नाना मात्र व्याकूळ झाले. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरतो, दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडते आणि हिरव्या थॉमसनचे मणी गुलाबी पडायला लागतात. बागाईतदार त्याला पिंक बेरी म्हणतो. मग रात्रभर बागेत शेकोट्या पेटवायच्या, आणि तरीही सकाळी गुलाबी मणी दिसला की निर्यातीचा व्यापारी गाडी वळवून निघून जातो. "गुलाबी मालाला इथं जास्तीचे पैसे?" नानांनी डायरीत काहीतरी टिपून घेतलं.

तिसऱ्या ग्लासाला बाजी पलटली. काळ्या मसाल्यातला मासा आणि सोबत शेनां ब्लां. तिखटाबरोबर किंचित गोडसर वाइन का, तर कडक वाइन तिखटाला आणखी पेटवते आणि गोडवा त्याला जरा आवरतो. एवढं सांगून मुलानं सगळ्यांना विचारलं, "काय जाणवतंय?" शेजारच्या टेबलावरून पेरू, खरबूज, ओल्या गवताचा वास अशी उत्तरं आली. नानांनी घोट घेतला, जीभ टाळूला लावली आणि म्हणाले, "माल बावीस ब्रिक्सच्या पुढं तोडलाय. पण साखर सगळी आंबू दिली नाही. मधीच थांबवली. थंड करून थांबवता काय?"

मुलगा क्षणभर गप्प झाला. मग पाठ केलेलं सोडून माणसासारखा बोलायला लागला. होय, टाकी थंड करून थांबवतात. होय, खाण्याची द्राक्षं एवढी गोड होईपर्यंत ठेवत नाहीत, वाइनची ठेवतात. युरोपात तोडणी आपल्या भाद्रपद-आश्विनात होते. आपण छाटणीच अशी धरतो की जानेवारी ते मार्चमध्ये माल तयार होतो. बोलता बोलता तो फ्रान्सच्या बोर्डो प्रांतावर आला आणि नाना एकदम उजळले. बोर्डो मिश्रण! मोरचूद आणि चुना! उभी हयात त्यांनी ते पाठीवरच्या पंपानं फवारलंय.

मी त्यात भर घातली. एकोणिसाव्या शतकात तिकडचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारायचे, तो चोरांसाठी. निळसर डाग बघून माल विषारी वाटावा, कुणी हात लावू नये. तिथल्या मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की या वेलींवर डाऊनी येत नाही, आणि १८८५ साली त्यानं ते जगाला सांगितलं.

"म्हंजे फ्रान्सातही रस्त्याकडंची ओळ लोक तोडतात," नाना म्हणाले. त्या रात्री एवढ्या समाधानानं ते दुसरं काही बोलले नाहीत.

चौथं मटण आणि शिराझ. सालीतल्या टॅनिननं तोंड कोरडं पडतं, मटणाच्या चरबीनं ते मऊ होतं, म्हणून ही जोडी. वासात मिरी, चामडं आणि तंबाखू शोधायला सांगितलं. मिरीचं खोटं नाही; काळ्या मिरीला वास देणारं रोटंडोन हेच द्रव्य शिराझच्या सालीतही असतं. चामड्याला सगळे चाचपडत होते. तंबाखूवर नानी कोकमाचा ग्लास खाली ठेवून म्हणाल्या, "त्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं? आमच्याकडं लग्नापासून येतोय." नानींचं बरं चाललं होतं. नानांना दोन-दोन घोट मिळत होते आणि नानींना कोकम, सोलकढी, ताक काठोकाठ भरून. वर संपलं की पुन्हा.

मुलगा सांगत होता, "वेलीला थोडा ताण दिला, पाणी तोडलं, की मणी बारीक राहतात आणि चव दाट होते."

"ताणच पाहिजे ना?" नाना म्हणाले. "मग आपल्याकडं या. अवकाळी, गारपीट, निर्यातबंदी. सगळा ताण फुकट."

शेवटी गोड पदार्थ आणि गोड वाइन. लेट हार्वेस्ट. द्राक्षं मुद्दाम वेलीवर ठेवायची, सुकत आली, साखर घट्ट झाली की तोडायची. नानांनी ऐकलं आणि मान हलवली. "व्यापारी सौदा करून पळून गेला की आमचीही बाग अशीच उभी राहती. तिकडं कर्ज वाढतं. इथं गोड होतं."

जावयानं बिल मागवलं तसं नानांनी डायरी काढली. पाच ग्लास, प्रत्येकी ६० मिलि म्हणजे ३०० मिलि. ७५० मिलिच्या बाटलीला साधारण एक-सव्वा किलो द्राक्षं. म्हणजे एका माणसानं रात्रभर बसून प्यायली ती अर्धा किलो द्राक्षं. त्यांनी बिलाचा आकडा पाहिला, डायरीतला आकडा पाहिला आणि मला विचारलं, "यात हमाली किती, तोलाई किती, वाराई किती?"

मी म्हटलं, "नाना, यात सगळी बोलाई आहे."

हा शब्द त्यांच्या डोक्यात बसला. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा सायखेड्याला उपबाजार आहे. त्याच आठवड्यात नानांचा उन्हाळ कांद्याचा ट्रॅक्टर तिथं लिलावाला उभा होता. व्यापारी आला, त्यानं मूठभर कांदे उचलले. नानांनी घसा साफ केला. "काळी जमीन. गोदेचा गाळ. दोन महिने चाळीत शांतपणे मुरलाय. आधी गोडसर लागंल, मग तिखटपणा जिभेवर रेंगाळंल. मटणासोबत उत्तम."

व्यापाऱ्यानं ढिगात हात घातला. "नाना, खाली गोल्टी किती?"

बोली लागली ती रोजच्याच भावानं, आणि खाली करताना मालात खोट काढून भाव तोडायचा वांधा निघाला तो वेगळा. नानांना राग आला नाही. त्यांनी डायरीत लिहिलं की बोलाई फक्त तयार मालाला लागू होते, कच्च्या मालाला नाही. शेतीमालाच्या भावावर याहून नेमकं वाक्य मी कुठल्या समितीच्या अहवालात वाचलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, वाइनच्या जेवणाला जाणार असाल तर असा एखादा बागाईतदार जरूर सोबत न्या. ग्लासात काय आहे ते माहिती सांगणाऱ्याच्या आधी तो तुम्हाला सांगेल, आणि माहिती सांगणाऱ्यालाही बरं वाटेल. फक्त बिल तेवढं त्याच्या हाती पडू देऊ नका. वांधा काढल्याशिवाय तो ते भरू देणार नाही.